उचल घेण्याआधी पालकसभा घ्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. ‘पालकच उदासीन आहेत’ हे वाक्य नोकरीभर आढावा बैठकांत ऐकलं. कधीकधी चहा येण्याआधीच.

शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतली कितीतरी गावं दिवाळीच्या आसपास ओस पडतात. ऊसतोड मजुरांच्या जोड्या, म्हणजे ‘कोयते’, कोल्हापूर, सांगली, सातारा, काही कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दुसरं सत्र जवळजवळ अख्खं पालकांविना जातं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. मग जानेवारीतल्या सभेच्या इतिवृत्तावर सह्या कुणाच्या असतात, हे आपण एकदा तपासून पाहावं.

मूल सोबत न्यायचं की मागे ठेवायचं, हे दिवाळीत ठरत नाही. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली जाते, तेव्हा पावसाळ्यातच ते ठरून गेलेलं असतं. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. घरात तान्हं असेल तर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, त्याला सांभाळायला थोरली पोर लागते, मग ती चौथीत असो की सहावीत. आजी धडधाकट असेल तर बाकीची तिच्याजवळ राहतात. तिला दिसेनासं झालं असेल, तर ही मुलंही गाडीत चढतात. यात शिक्षणाची आवड-नावड कुठे आली? घरात हा हिशेब चालू असताना शाळेला कुणी बोलावत नाही आणि शाळाही विचारायला जात नाही. आम्हा मास्तरांना पटाची काळजी लागते ती नोव्हेंबरात.

हंगामी वसतिगृहाची योजना मुळात शहाणपणाची आहे. मूल गावात, आपल्या माणसांत राहतं, त्याच्या जेवणाची सोय होते. पण गाडी निघते मुकादमाच्या तारखेला. मंजुरी त्यानंतर आली, तर ती कुणासाठी?

शिक्षकांनी पालकांना नियमित भेटावं, असं शिक्षण हक्क कायद्याचंच कलम २४ सांगतं. ती भेट आषाढ-श्रावणात ठेवा, तीही संध्याकाळी, माणसं रानातून परतल्यावर. कोण जाणार, कोण राहणार, कुणाजवळ, हे घरोघर विचारू द्या आणि त्याच यादीवर ऑगस्टअखेर वसतिगृहं मंजूर करा. आजी थकलेली असेल, तिथे मुलांच्या रात्रीच्या मुक्कामाचीही सोय लागेल. जाणाऱ्या मुलाचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड, गाडी निघण्याआधी आईच्या हातात पडू द्या. हंगामात समितीची सभा फोनवरून, रात्री जेवणानंतर घ्यायला परवानगी द्या. पहाटेपासून माणसं फडात असतात. नवं ॲप मात्र नको, साहेब.

परिपत्रक जूनमध्ये निघालं तर यंदाच्या उचलीआधी सभा बसेल. सप्टेंबरात निघालं तर आणखी एक हंगाम गेला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. बीड