मनू, "समजलं" म्हणून मान हलवू नकोस

प्रिय मनू,

"आई, मी ढ आहे का" असं तू चिठ्ठीत लिहिलंस, त्याचं उत्तर घाईघाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितेय.

नाही. सहामाहीचे पेपर मी परत काढून बघितले. जे जे पुस्तकात छापलेलं होतं ते सगळं तुला आलंय, मार्क गेलेत ते श्रुतलेखनाचे, तोंडी परीक्षेचे आणि सरांनी नुसत्या बोलून सांगितलेल्या नोट्सवरच्या प्रश्नांचे. म्हणजे तुला नीट ऐकू येत नाही म्हणून जे तुझ्यापर्यंत पोचलंच नाही त्याचेच मार्क कापलेत. हे मला फार लागलंय गं.

कानात मशीन घातलं की झालं, चष्मा लावल्यासारखं, असंच सगळ्यांना वाटतं. पण मशीन काही मॅडमचा आवाज वेगळा काढून देत नाही, पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज, मागच्या पोरींची कुजबुज, सगळंच मोठं करतं. आणि ओठ वाचायचे म्हटलं तर पाठ आणि माठ ओठांवर एकसारखेच दिसतात, पुढच्या मागच्या वाक्यावरून अंदाज लावायचा, तो तू शाळा सुटेपर्यंत लावत बसतेस, मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तेवढंही गेलं. घरी आल्यावर डोकं दुखतं ते यानेच, नखरे नाहीत ते, आजीला पण मी हेच सांगितलंय.

शाळेत मला ऐकवतात, "पण ती तर समजलं म्हणते." तू का म्हणतेस ते मला माहितीये, परत विचारलं की अख्खा वर्ग वळून बघतो. पण बाळा तू मान हलवलीस की त्यांचं काम तिथंच संपतं. नाही समजलं तर नाही म्हण, वर्ग बघेना का.

आता सातवीत आहेस, कायद्याचं पण कळू दे तुला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. दोन्ही कानांचं ऐकणं 70 डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) कमी असेल तर त्यात बधिर धरतात, आणि तुझा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा रिपोर्ट, त्याच्या पुढेच आहे. शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, परीक्षेला जास्त वेळ, दुसऱ्या तिसऱ्या भाषेतून सूट, खुणांची भाषा येणारे शिक्षक, हे सगळं त्या कायद्यात आहे. 2021 ला सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचं शिकलेले शिक्षक, नेमायला सांगितलं, मग केंद्राने ठरवलं की पाचवीपर्यंत 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे आठवीपर्यंत 15 मागे एक. आपल्या शाळेत एकही नाही. तालुक्याहून विशेष शिक्षिका येतात त्या कधीतरी, त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की त्या तरी काय करणार. म्हणूनच कोणी "आम्ही तिला सांभाळून घेतो" म्हटलं की माझं डोकं फिरतं, तुझ्या हक्काचं आहे ते, कोणाचे उपकार नाहीत.

खुणांची भाषा शिकायची म्हणतेस तर खुशाल शीक. त्याने बोलणं बंद पडेल असं काही लोक घाबरवतात, मला नाही पटत. एनसीईआरटीची पुस्तकं आता खुणांच्या भाषेत व्हिडिओवर येतायत, एनआयओएस म्हणजे सरकारी मुक्त शाळा बोर्ड, त्यातून दहावीला तो विषयच घेता येतो. मी पण शिकणार तुझ्यासोबत.

सोमवारी हेडसरांना अर्ज देणारे, लेखी, आणि पोच घेणारे. तुला पुढचा बाक हवा आणि तो पण खिडकीकडे तुझी पाठ येईल असा, म्हणजे उजेड मॅडमच्या तोंडावर पडतो. नोट्स आधी छापून द्या, श्रुतलेखन आणि तोंडीच्या जागी लेखी घ्या, व्हिडिओ दाखवला तर सबटायटलचाच दाखवा, एवढं लिहिलंय. कच्चा कागद तुझ्या दप्तरावर ठेवलाय, अजून काय हवं ते पेन्सिलने समासात लिही. हिंदीची सूट मागायची का ते मात्र तूच ठरव, तुला हिंदीच्या गोष्टी आवडतात म्हणून ती ओळ मी कोरी सोडलीये.

तुझी,
आई