गावाकडच्या पोलीस ठाण्याला मुंबईचं वेळापत्रक पुरणार नाही

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय: ग्रामीण भागातल्या लहान पोलीस ठाण्यांत ड्युटीचं वेळापत्रक बांधून देण्याबाबत

महोदय,

मी निवृत्त पोलीस उपनिरीक्षक आहे. शिपाई म्हणून भरती झालो आणि नोकरीचा मोठा काळ तालुक्याच्या आणि त्याहून लहान ठाण्यांत काढला. त्यातली बरीच वर्षं मी हजेरी मास्तर होतो, म्हणजे उद्या कोण कुठे जाणार हे रोज संध्याकाळी लिहिणारा माणूस. सेवेतल्या पोलिसाला आपल्या कामाच्या तासांबद्दल जाहीर बोलता येत नाही. 1966 च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनांवर बंधनं आहेत, आणि 1982 साली मुंबईत पोलिसांचं आंदोलन झालं त्यानंतर राज्यातल्या संघटनेची मान्यताही गेली. म्हणून हे निवृत्त माणसानं लिहायला हवं.

मागणी आधीच सांगून टाकतो. "सर्वांना आठ तास ड्युटी" असा आणखी एक आदेश लहान ठाण्यांना पाठवू नका. प्रत्येक ठाण्याचं काम आधी तासांत मोजा, त्यावरून महिनाभराचं वेळापत्रक बांधून द्या, आणि ते मोडायचा अधिकार कोणाला असेल हे लेखी ठरवा.

आठ तासांच्या ड्युटीला माझा विरोध नाही. देवनार पोलीस ठाण्यात 5 मे 2016 पासून जो प्रयोग झाला तो अभिमानाचा आहे. त्याची कल्पना ठाण्यातल्याच एका साध्या अंमलदारानं मांडली, आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. 1 जानेवारी 2017 पासून मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत आठ तास लागू झाले. पुढे कोरोनात ती घडी विस्कटली, पण हे करता येतं हे तोवर सिद्ध झालं होतं. आमच्याकडे ते तसंच्या तसं का चालत नाही, याचं उत्तर गणितात आहे.

चोवीस तास माणूस लागेल अशी एक जागा घ्या, समजा ठाणे अंमलदाराची, म्हणजे ठाण्यात आलेल्याची तक्रार नोंदवून घेणाऱ्याची. वर्षाचे तास झाले 8760. आता एक माणूस वर्षाला किती तास देऊ शकतो? 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. 2022 मध्ये शासनानं किरकोळ रजा 12 वरून 20 केल्या, त्या वजा करा. अर्जित रजेचे 30 दिवस गेले. आजारपण, प्रशिक्षण आणि जुन्या केसमधल्या साक्षी यांचे मिळून 13 दिवस धरू. उरले 250 दिवस, आठ तासांनी 2000 तास. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला जवळजवळ साडेचार माणसं लागतात. आपल्याकडे अजूनही "तीन पाळ्या, तीन माणसं" असा हिशेब धरला जातो, आणि तिथूनच ओव्हरटाइम सुरू होतो.

आता समजा एका लहान ठाण्याची मंजूर संख्या 40 आहे. रिक्त जागा, प्रशिक्षणाला गेलेले, आणि पटावर आपल्या ठाण्यात पण प्रत्यक्षात दुसऱ्या कार्यालयात किंवा शाखेत अ‍ॅटॅच केलेले, एवढे वजा केले की हातात 30 राहिले असं धरू. त्यातले आठ जण मुद्देमाल, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदीची संगणक प्रणाली), गोपनीय माहिती, कोर्ट पैरवी (खटल्यांचा कोर्टातला पाठपुरावा), गुन्ह्यांचं लिखाण, समन्स-वॉरंट अशा ठरलेल्या कामांना. उरले 22. चोवीस तासांच्या जागा चार: ठाणे अंमलदार, त्याचा मदतनीस, डायल 112 च्या गाडीचा चालक आणि गाडीवरचा अंमलदार. वरच्या हिशेबानं या चार जागांनाच 18 माणसं हवीत. मग सगळी बीटं (हद्दीतले वाटून दिलेले भाग), दूरक्षेत्र (ठाण्याबाहेरची चौकी), रात्रगस्त, नाकाबंदी आणि तपासाला राहिले चार.

एवढ्यावर ठाणं चालत नाही. ते चालतं तीच माणसं पुन्हा वापरून. पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोसाठी 2014 साली झालेल्या देशव्यापी अभ्यासात हेच निघालं होतं: ठाण्यातले जवळपास 90 टक्के पोलीस आठ तासांहून जास्त काम करतात, आणि खऱ्या अर्थानं आठ तासांच्या पाळ्या लावायच्या तर मनुष्यबळ सरासरी 1.68 पट लागेल. एवढी भरती एका वर्षात होणार नाही हे मलाही कळतं. म्हणूनच असलेल्या माणसांचे तास नीट कसे वापरायचे यावर बोललं पाहिजे.

तास जातात कुठे ते जवळून बघा. एका शिपायाला रात्रगस्त लावली आहे. तो रात्री नऊला हजर झाला, पहाटे पाचला परत आला, डायरीत नोंद केली. रात्री एका गुन्ह्यात अटक झालेली आहे. सकाळी आरोपीला ग्रामीण रुग्णालयात मेडिकलला न्यायचं, आणि दिवसपाळीचे दोघे आठवडी बाजाराच्या बंदोबस्ताला गेलेले. हजेरी मास्तर त्यालाच सांगतो, "एवढं करून जा रे." मेडिकलला डॉक्टर ओपीडी उरकून येईपर्यंत अकरा वाजले. तिथून कोर्ट. रिमांडचा पुकारा दुपारी चारला. न्यायालयीन कोठडी मिळाली, म्हणजे आता आरोपी जिल्हा कारागृहात पोचवायचा. गेट बंद व्हायच्या आत पोचला तर नशीब. परत ठाण्यात यायला रात्रीचे नऊ. डायरीत त्याची एक रात्रगस्त आणि एक कैदी पार्टी, म्हणजे कैद्याची ने-आण, अशा दोन ड्युट्या दिसतात. सलग चोवीस तास कुठेच दिसत नाहीत.

पूर्वी ट्रिपशीटवर आणि डायरीवर सही करून तो घरी जायचा. आता 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आलं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी येईपर्यंत जागा राखणं आलं. कायदा चांगला आहे, तपासाची गुणवत्ता वाढेल. पण या प्रत्येक कलमाला माणसाचे तास लागतात, आणि ते ठाण्याच्या मंजूर संख्येत कोणी धरलेले नाहीत.

हा केवळ पोलिसांच्या सोयीचा विषय नाही. सलग 17 तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे संशोधनानं दाखवलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. सलग दोन ड्युट्या केलेला चालक 112 ची गाडी रात्री घाटातून पळवतो, तेव्हा धोका त्याला आहे, शेजारी बसलेल्याला आहे, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबालाही आहे.

"बंदोबस्त अचानक येतो, त्याला काय करणार?" हे उत्तर मी वर्षानुवर्षं ऐकलं. महोदय, बंदोबस्त फार क्वचित अचानक येतो. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, गणपती, नवरात्र, दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी, डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन, 1 जानेवारीला कोरेगाव भीमा. पाडव्याला नवं पंचांग हातात आलं की गावच्या जत्रेची तिथीसुद्धा कळते. नाशिकच्या सिंहस्थाच्या तारखा तर केव्हाच जाहीर झाल्या आहेत. तरीही लहान ठाण्याला "सहा अंमलदार उद्या सकाळी सहाला मुख्यालयात हजर ठेवा" असा बिनतारी संदेश आदल्या रात्री येतो. वर्षभराच्या मोठ्या बंदोबस्तांची ठाणेवार वाटणी जिल्हा पोलीस अधीक्षकांनी एप्रिलमध्येच जाहीर करावी. खरोखर अचानक येणारे प्रसंग, दंगल, अपघात, पूर, यासाठी पोलीस कधीच मागे सरलेला नाही. त्याची तक्रार पंचांगात छापलेल्या गोष्टीसाठी रजा रद्द होण्याची आहे.

आता पाळ्यांकडे येतो. लहान ठाण्यात आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या की एक बदल मध्यरात्रीच्या सुमारास येतो. त्या वेळी एसटी नाही. ठाण्याच्या गावात सरकारी क्वार्टर पुरेसे नाहीत, मुलांच्या शाळेसाठी बरेच जण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहतात, तीस-चाळीस किलोमीटरवरून दुचाकीने येतात. आठ तासांची ड्युटी वाचवायला तो रात्री बारा वाजता उसाच्या ट्रॅक्टरांमधून गाडी चालवणार असेल तर त्याला विश्रांती मिळाली असं म्हणता येणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की चोवीस तासांच्या जागांना बारा तासांची पाळी द्यावी, पण चार माणसं बांधून. पहिल्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ. दुसऱ्या दिवशी रात्री आठ ते सकाळी आठ. त्यानंतर सलग 48 तास सुट्टी. आठवड्याची सरासरी 42 तास पडते. बारा तास काम आणि चोवीस तास आराम अशी पद्धत तीन माणसांत बसते म्हणून ती वरिष्ठांना आवडते, पण तिची सरासरी 56 तासांवर जाते आणि पूर्ण दिवसाची सुट्टी कधीच हाती लागत नाही. चार माणसांची पद्धत धरली तर वरच्या ठाण्यात चार जागांना 16 जण लागतील आणि बीटाला सहा राहतील. त्या सहांना सकाळच्या हजेरीला एकदम उभं करू नका. तिघे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, तिघे दुपारी एक ते रात्री अकरा. लहान ठाण्याचा खरा जोर संध्याकाळी असतो: दारूची भांडणं, बांधाचे वाद, रस्त्यावरचे अपघात. संध्याकाळी सातपर्यंत तरी दोन्ही गट हाताशी असले की दिवसाच्या माणसाला थांबवून ठेवावं लागत नाही. दहा तासांची ड्युटी असेल तर आठवड्यात दोन सुट्ट्या द्या. अमेरिकेतल्या पोलीस फाउंडेशननं 2011 मध्ये आठ, दहा आणि बारा तासांच्या पाळ्यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात दहा तासवाल्यांना झोप जास्त मिळाली, आणि सर्वांत जास्त ओव्हरटाइम आठ तासवाल्यांनाच करावा लागला. आपली परिस्थिती वेगळी आहे, पण पाळी छोटी केली की ओव्हरटाइम आपोआप घटतो हा समज मात्र त्यातून खोटा ठरतो.

हे टिकायचं तर रजेवर गेलेल्याची जागा भरायला आणि कैदी पार्टीला वेगळी माणसं हवीत. ती एका ठाण्यात मिळणार नाहीत, उपविभागात मिळतील. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली चार-पाच ठाणी असतात. त्यांची मिळून एक राखीव तुकडी करा. कैदी ने-आण, समन्स-वॉरंट आणि रजेची भरपाई एवढंच तिचं काम. माणसं कुठून आणायची? अ‍ॅटॅच केलेली परत बोलवा. प्रत्येक ठाण्याचे दोन-तीन जण वर्षानुवर्षं कुठे आहेत याची यादी मागवली तरी निम्मा प्रश्न सुटेल. न्यायालयीन कोठडी वाढवून घ्यायला व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आणि इलेक्ट्रॉनिक समन्स या दोन्हींची सोय नव्या संहितेत आहे. ती कागदावर राहू नये म्हणून जिल्हा न्यायाधीशांशी बोलणी गृह विभागानंच करायला हवीत, ठाणे प्रभारी ती करू शकत नाही.

महिला अंमलदारांबद्दल वेगळं सांगायला हवं. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांच्यासाठी आठ तासांची घोषणा झाली. हेतू चांगलाच होता. पण लहान ठाण्यात त्या असतात तीन किंवा चार. महिला आरोपीची झडती, पोक्सोतल्या मुलीचा जबाब, तिची मेडिकल, तिच्यासोबत कोर्ट, सगळीकडे त्याच लागतात. आठ तास संपवून घरी पोचलेल्या बाईला पुन्हा फोन जातो, आणि तो फोन कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही. उपविभागातल्या सर्व महिला अंमलदारांची एकच ऑन-कॉल यादी करा. आज रात्री कोणाला फोन जाणार हे आठवडाभर आधी ठरलेलं असेल तर बाकीच्या जणी निर्धास्त झोपतील. अशीच यादी रात्रीच्या अधिकाऱ्यांची करा. एक एपीआय (सहायक निरीक्षक) आणि दोन पीएसआय (उपनिरीक्षक) असलेल्या ठाण्यात प्रभारीच्या उशाशी फोन रोज वाजतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 28 मध्ये पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असं मानलं आहे. ते कलम मला मान्य आहे. रजेवर असताना डोळ्यांसमोर गुन्हा घडला तर पोलिसानं तोंड फिरवू नये यासाठी ते आहे. त्याचा आधार घेऊन कोणाला दोन दिवस घरी जाऊ न देणं हा त्या कलमाचा अर्थ नव्हे. म्हणून नियमात एवढं स्पष्ट लिहा: दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तासांचं अंतर राहील, ते मोडायचं असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यानं कारण नोंदवून सही करावी, आणि गेलेले तास त्याच महिन्यात सुट्टी म्हणून परत मिळावेत. हजेरी मास्तरच्या पेन्सिलीवर हे सोडू नका. त्याच्यावर सगळ्यांचा दबाव असतो आणि त्याच्या हातात अधिकार कुठलाच नसतो.

एकदम सगळ्या राज्यात हे करा असं मी म्हणत नाही. विदर्भ, मराठवाडा आणि कोकणातून एकेक उपविभाग निवडा, तिथल्या सगळ्या ठाण्यांत चार महिने हे चालवून बघा. त्या काळात एखादा मोठा सण येईल असंच बघा, नाहीतर परीक्षा खरी होणार नाही. प्रत्येक माणसाचे प्रत्यक्ष तास, रद्द झालेल्या सुट्ट्या आणि 112 च्या गाडीला पोचायला लागलेला वेळ, हे आकडे दर महिन्याला जाहीर करा. त्या ठाण्यांतल्या हजेरी मास्तरांना मदत लागली तर मी स्वखर्चानं जाऊन बसायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस उपनिरीक्षक