म्हशीचं शिंग

गावभाग, सांगली
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'नंतर करतो' म्हणालो आणि केला नाही. तुझ्या शिव्या देऊन झाल्या असतील तर थोड्या राखून ठेव, खाली लागतील. इकडे सगळं ठीक. माझी शुगर आहे तिथंच, हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो, सईचं बरं चाललंय. झालं.

हे फोनवर सांगायचं तर तू मधेच हसणार, मग मी चिडणार, आणि खरं ते राहूनच जाणार. म्हणून कागद घेतला.

नवा कॉम्प्युटर घेतला. जुना २००९ सालचा, तुझ्यासमोरच तर जोडून घेतलेला, आठवतं? त्याच्यावर विंडोज सेव्हन. बँकेची साइट उघडेना, पंखा असा ओरडायचा की शेजारचे विचारत, पिठाची गिरणी घातली काय. शेवटी पिंट्या म्हणाला, काका पुरे. नवा आला, आणि त्यानंच एका रविवारी सगळे फोटो इकडून तिकडे नेले. एकसष्ट हजार. मी चहा करत होतो, तोवर म्हणतो, "झालं काका, सगळे महिन्यावारी लावून दिलेत."

महिन्यावारी! मर्दा, बघायला बसलो तर आईबाबांचं लग्न मे २०१० मध्ये. लग्न १९६४ चं, पण मी स्कॅन केलं २०१० ला, म्हणून पिंट्याच्या हिशेबानं बाबा मुंडावळ्या बांधून उभे आणि पुढच्याच फोटोत मी एक्केचाळीस वर्षांचा, बनियनवर, कूलरमध्ये पाणी ओततोय. कॅनन कॅमेऱ्यातले सेल काढले की तारीख जायची तो घोळ वेगळाच. निम्म्या सहली एक जानेवारीला झाल्या आहेत. गणपतीसुद्धा.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण मग 'आईचे जुने' हे फोल्डर शोधायला गेलो, ते नव्हतंच. फोटो होते, सगळे विखुरलेले. आणि चेहऱ्यांवरची नावं गेली होती.

ते तुला माहीत आहे ना? २०१० च्या उन्हाळ्यात ट्रंकेतले सगळे फोटो मी स्कॅन केले आणि आईला शेजारी बसवून पिकासात, म्हणजे फोटो लावायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेका चेहऱ्याला नाव दिलं. पिकासा तेव्हा नुकतंच चेहरे ओळखायला लागलं होतं. आई चष्मा वर करून स्क्रीनजवळ यायची. नुसतं नाव सांगेल तर ती आई कसली. "ही टांगेवाल्या मामांची मधली, हिला पहिल्यांदा तासगावात दिली होती." मी लिहायचो 'टांगेवाल्या मामांची मधली'. खरं नाव काय विचारलं तर म्हणाली, "मधलीच म्हणायचे सगळे." एका माणसाला पिकासानं सारखं माझंच नाव सुचवलं. आई हसून लोळायची बाकी राहिली. तो आजोबांचा चुलतभाऊ निघाला, ज्याला घरात कुणी उभं करत नव्हतं. सव्वा महिना रोज दुपारी एक तास. तिचा चहा, माझी चूक, तिची दुरुस्ती.

२०१४ ला ती गेली. २०१९ च्या ऑगस्टचं तुला सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर पाणी, आमच्या खालच्या खोलीत छातीभर. आम्ही टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर वर नेला आणि कॉटखालची ट्रंक विसरलो. तीच ट्रंक. पाणी उतरल्यावर फोटो एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून यायचा. म्हणजे आता जे काही आहे ते कॉम्प्युटरमध्ये. आणि कोण कोण आहे ते सांगणारं कुणी नाही.

पिंट्याला बोलावलं. तर गंमत अशी, म्हणजे गंमत नव्हेच. पिकासा मूळ फोटोला हातच लावत नसे. लाल डोळा काढा, वाकडा फोटो सरळ करा, कडा कापा, चेहऱ्याला नाव द्या, ते सगळं एका लपलेल्या चिठ्ठीत टिपून ठेवायचं. प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी. फोटो उघडला की चिठ्ठी वाचून तसा दाखवायचा. फोटो आहे तसाच आत. ते पिकासा तर २०१६ च्या मार्चमध्येच गूगलनं बंद केलं, मी मात्र गेल्या वर्षापर्यंत वापरत होतो, बंद झाल्याचं मला कुणी सांगितलं नाही. आणि आमच्या चिरंजीव पुतण्यांनी फक्त जेपीजी उचलले. "बाकी छोट्या छोट्या फायली होत्या काका, कचरा." आईनं सांगितलेली सगळी नावं म्हणजे कचरा. मी काही बोललो नाही. तुला माहीत आहे मी बोलत नाही तेव्हा काय असतं.

फोटोखाली ओळ लिहिली असेल तर ती मात्र फोटोतच राहते म्हणे. मी आळशी, ओळी लिहिल्याच किती. एक सापडली. चौकात चार माणसं पाटावर बसलीत, खाली माझ्या हातची ओळ: 'आई म्हणते हा नाही, त्याचा भाऊ.' आता चौघांपैकी कोण नाही, कुणाचा भाऊ? तासभर मी त्या चौघांकडे बघत बसलो. हिनं विचारलं, जेवायचंय का. मी म्हटलं, हा नाही. ती गेली.

आता खरी गोष्ट. इथून पुढे बसून वाच.

चिठ्ठ्या गेल्या म्हणजे कापलेलं परत आलं. लक्षात येतंय का? जे जे मी पिकासात कापलं होतं, ते सगळं नव्या कॉम्प्युटरवर अख्खं. सईनं टीव्हीवर फोटो लावले होते, आपोआप बदलत राहतात तसे. पावनखिंडीचा आला. २००७ चा जुलै, मसाई पठार, धुकं, दत्त्या, कदम सर आणि मी. तोच, जो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. सई म्हणाली, "बाबा, ह्यात सुधाकाका कुठून आले?"

डाव्या कडेला तू. काळी छत्री अर्धी उघडलेली, पँट गुडघ्यापर्यंत, तोंड उघडं. काहीतरी ओरडतोयस. बहुतेक त्या म्हशीवाल्या पोरालाच, ज्याच्या हातात आपण कॅमेरा दिला होता. उलटा धरू नको म्हणून.

सुध्या, तू त्या फोटोत होतास. मी तुला कापलं. जामीनकीच्या त्या प्रकरणानंतर आपण बोलत नव्हतो त्या दोन वर्षांत कधीतरी, एका रात्री. चूक कुणाची होती तो वाद आज उकरत नाही (तुझी होती). रागात होतो, कडा ओढली, तू गेलास. एवढं सोपं असतं ते, माऊसनं कोपरा धरायचा आणि आत ढकलायचा. तसाच एक्स्पोर्ट करून प्रिंट काढली, फ्रेम केली.

मग आपलं मिटलं, तू घरी आलास, फ्रेमसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "मी कुठाय?" हातात पोह्याची बशी होती माझ्या. मी म्हणालो, "तू कसा असशील, तूच काढलास की." आणि तू मान डोलावलीस! तुला चक्क आठवलंसुद्धा, कुठे उभा होतास, धुकं सरकायची कशी वाट पाहिलीस. छत्रीचं टोक राहून गेलं होतं डाव्या बाजूला, त्यावर बोट ठेवून म्हणालास, "हे काय काळं?" मी म्हटलं, म्हैस. म्हशीचं शिंग. "झकास आलंय," म्हणालास, "मुद्दाम घेतलं असणार मी."

तेव्हापासून तू हा फोटो किती जणांना तुझा म्हणून सांगितलास त्याची गणती नाही. वहिनींच्या भावाला, बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळात, सईच्या साखरपुड्यात तर व्याह्यांना फ्रेमसमोर नेऊन शिंगाचं महत्त्व समजावलंस. मी मागं उभा राहून पेढे मोजत होतो. दर वेळी वाटायचं आता सांगावं, आणि दर वेळी तू आणखी एक तपशील जोडायचास. शटर वगैरे. त्या कॅमेऱ्यात शटरचं काही हातात नव्हतं मर्दा, दाबलं की झालं.

असो. तर जुना सीपीयू. हिनं भंगारवाल्यासाठी व्हरांड्यात काढून ठेवला होता. तीन दिवस तो तिथं चपलांच्या शेजारी. भंगारवाला त्या आठवड्यात आला नाही, त्याच्या मुलाचं जावळ होतं, देव त्या पोराला शंभर वर्षं देवो. उचलून आत आणला, लावला, तर दोन मिनिटं चालून बंद. दुकानात नेऊन पॉवर सप्लाय बदलला. हार्ड डिस्क भिंतीवरच्या घड्याळासारखी टिकटिक करत होती, दुकानदार म्हणाला, काय काढायचं ते आजच काढा.

पिकासा उघडलं. डावीकडे यादी आली. टांगेवाल्या मामांची मधली. बोरगावची काकू. गोविंदा (थोरला). गोविंदा (दुसरा). मी हात जोडले, खोटं सांगत नाही.

पिंट्यानं, चूक त्याचीच म्हणून असेल, शोधून काढलं की टूल्समध्ये पार खाली 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून कप्पा आहे, तिथून नावं थेट फोटोच्या आत लिहिता येतात. पंधरा वर्षं ते तिथंच होतं. आधी त्याच्याकडून अख्खी डिस्क जशीच्या तशी, लपलेल्या चिठ्ठ्यांसकट, दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतली. मग ते बटण दाबलं. रात्रभर चाललं. मी खुर्चीतच, टिकटिक ऐकत. पहाटे साडेचारला संपलं. नव्या कॉम्प्युटरवर डिजीकॅम म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर घेतलंय, त्यात आईची माणसं आता नावानिशी येतात. पाटावरचा भाऊसुद्धा कळला. उजवीकडून दुसरा. म्हणजे 'हा' नव्हे तो.

राहिलं कापाकापीचं. पिंट्या म्हणतो, चिठ्ठ्या वाचून सगळे काप परत बसवून देतो, सोळा अक्षरांचा आकडा असतो, चौकटीच्या चार कडा त्यात, अवघड नाही. पावनखिंडीच्या चिठ्ठीतला तो आकडा मला दाखवला त्यानं. इतकी वर्षं तेवढ्यावर तुला बाहेर उभा केला होता मी. मी म्हटलं, लाल डोळे काढ, वाकडे सरळ कर, काप काही बसवू नको. त्यामुळे एक-दोन फोटोंत धाकटे मेहुणेही परत आलेत, तेवढं हिला सांगितलेलं नाही.

सोबत अख्ख्या फोटोची प्रिंट आहे. व्हॉट्सॲपवर धाडली असती तर तुझं तोंड पार विरघळलं असतं. हॉलमधली जुनी फ्रेम अजून आहे तशीच. हिला काही माहीत नाही, सई गालात हसते. बदलायची की नाही ते तू सांग. बदलली तर तू फोटोत येशील, पण मग काढला कुणी? त्या म्हशीवाल्यानं. व्याह्यांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. दोन्ही मिळायचं नाही, फोटोत राहायचंय की फोटो काढायचाय, एक काय ते कळव.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं ना? आणि मन्याला पुण्यात नोकरी लागल्याचं दत्त्याकडून कळलं, तू सांगायला हवं होतंस. फ्लॅटचा ताबा मिळाला का? मार्चमध्ये ये, भडंग बांधून ठेवतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. : प्रिंटमागे आणखी एक फोटो लावलाय, नीट सोडव. विहिरीच्या कठड्यावर बसलेली परकरातली मुलगी. तिच्या चेहऱ्यावर मी त्या वेळी नाव लिहिलंय 'आई नंतर सांगणार'. मागची भिंत तुमच्या जुन्या वाड्याची वाटते. अक्कांना दाखव. त्यांना ऐकू कमी येत असेल तर मोठ्यानं विचार, पण तू सुचवू नकोस काही.