उंदीर आठव्या परिच्छेदात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘गांजाने म्हातारा मेंदू तरुण’ असं मथळ्यात छापलंत, शेजारी हसऱ्या आजोबांचं छायाचित्र. प्रयोग उंदरांवरचा होता, हे मला आठव्या परिच्छेदात कळलं. आजोबांऐवजी उंदराचा फोटो टाकला असता तर काय बिघडलं असतं?

बॉन विद्यापीठाचा तो प्रयोग २०१७चा, म्हणजे ताजाही नाही. कातडीखाली बसवलेल्या पंपातून २८ दिवस अगदी कमी टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) दिलं. वयस्कर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली, खरंय. पण दोन महिन्यांच्या उंदरांची तेवढ्याच मात्रेने बिघडली. हे वाक्य जागेअभावी गळलं असावं.

चिडायला कारण घरातलंच आहे. गेल्या वर्षी अशीच एक बातमी आमच्या ह्यांनी कापून पाकिटात ठेवली आणि कुणा मित्राने दिलेल्या तेलाचे थेंब रोज रात्री जिभेखाली घ्यायला लागले. वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू. मला पत्ताच नाही. चौथ्या रात्री बाथरूमला उठले, दाराची कडी धरली आणि धरल्याधरल्याच खाली बसले. डोळे टक्क उघडे. “आई झोपली का?” असं तीनदा विचारलं. सासूबाईंना जाऊन २२ वर्षं झाली.

डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर सगळे आकडे एकाच बाजूला. स्मृतिभ्रंशाच्या चाचण्या लिहून दिल्या. गांजाबद्दल कुणी विचारलं नाही. इतक्या सभ्य माणसाला कोण विचारणार! बाटली मलाच सापडली, मोज्यांच्या खणात. थेंब थांबले आणि आठवड्याभरात हे पुन्हा माझ्या चुका काढायला लागले. नंतर समजलं, की टीएचसी चरबीत साठतं, उतारवयात शरीराबाहेर पडायला वेळ लावतं. उठताना रक्तदाब घसरतो, त्यात गोळीची भर.

न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे १,००० जणांचा अभ्यास चालू आहे. (उंदीर नव्हेत, माणसं.) वर्षानुवर्षं गांजा घेणाऱ्यांचा बुद्ध्यांक लहानपणापेक्षा ४५व्या वर्षी सरासरी ५.५ने कमी भरला. तो गांजामुळेच, असं छातीठोक सांगता येत नाही, मान्य. मग मेंदू तरुण होतो, हे आपण कुठल्या जोरावर सांगता?

जाता जाता, शब्दकोड्यातले आकडे जरा मोठे छापा. १ आणि ९ सारखेच दिसतात. ह्यांनी उत्तर भलत्याच चौकटीत लिहिलं की माझ्या पोटात उगाच गोळा येतो.

आपली,
एक जुनी वर्गणीदार