सवड

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पक्या,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. दापोलीच्या कृषी कॉलेजातून रावेसाठी, म्हणजे खेड्यात राहून शेती शिकण्याच्या सत्रासाठी, गावात गेलास, रेंजसाठी टेकडी चढावी लागते म्हणून सरळ आंतरदेशीय टाकलंस, आणि मी इथे वायफायमध्ये लोळत असून चार ओळी लिहू शकलो नाही. कारण सांगतो, पण हसू नकोस. आम्ही विद्यार्थ्यांसाठी वेळेचं नियोजन करणारं ॲप बनवतोय. फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे. ग्रुपमधल्या चौघांपैकी एकही जण गेले दोन महिने वेळेवर जेवलेला नाही.

सुरुवातीला सगळं सोपं वाटलं होतं. जुलैत अभ्यासिकेबाहेर चहा पीत तासाभरात अख्खं ॲप कागदावर उतरवलं. सकाळी सहा ते रात्री अकरा असे चौकोन. लेक्चर निळं, अभ्यास हिरवा, व्यायाम केशरी, उरलेले पांढरे. ॲपचं काम काय, तर पांढऱ्यात हिरवा भरायचा. वर तराजूचं चित्र, एका पारड्यात पुस्तक आणि दुसऱ्यात फुटबॉल. तेव्हा ते मला फार भारी वाटलं होतं. आता लाज वाटते.

आत पोमोडोरोचं घड्याळ बसवलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर उचललं आणि स्वतःशी पैज लावली, की दहा मिनिटं तरी धड वाचून दाखव. त्यातून पुढे २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असा ठेका बसला. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. असल्या ॲपांत तो जिकडेतिकडे असतो, आम्हीही तोच चिरला.

मग गाइड सर म्हणाले, कोड नंतर, आधी वापरणाऱ्यांना भेटा. आम्हाला वाटलं, बरं झालं, रिपोर्टची दोन पानं भरतील. कँटीनच्या कोपऱ्यात बसलो, बारा जणांना कोरे चौकोन आणि स्केचपेनं दिली. सांगितलं एवढंच, की कालचा दिवस रंगवा. ‘असायला हवा तसा नाही, झाला तसा’ हे तीनतीनदा सांगावं लागलं.

त्यात कामशेतहून लोकलने येणारी एक मुलगी होती. तिने प्रवासाचे चौकोन रंगवायला घेतले आणि मध्येच थांबून विचारलं, “यात दोन रंग चालतील का?” का, तर कामशेतला बसायला जागा मिळते, देहूरोडपर्यंत वही मांडीवर उघडी राहते. पुढे गर्दी अंगावर येते, मग वही मिटायची आणि मैत्रिणीने रेकॉर्ड केलेल्या नोट्स कानात लावायच्या. संध्याकाळी परतताना उभं राहावं लागतं, आणि डोकं इतकं आंबलेलं असतं की कानातही काही शिरत नाही. म्हणजे एकाच प्रवासाचे तीन तुकडे, तिन्ही वेगळ्या जातीचे. आमच्या ॲपने त्या सगळ्याला ‘प्रवास, करडा’ म्हणून मोकळं केलं असतं. आणि तिला म्हणावं तरी काय, की २५ मिनिटांनी टोमॅटो वाजला, आता चिंचवडला उतरून पाय मोकळे कर?

त्या रात्री मी तिचा हिशेब मांडून बसलो. नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तासांचं शिकणं धरलंय, लेक्चर, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास सगळं धरून. सहामाहीला ६००. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४० तास. आठवड्याचे तास १६८. त्यातून हे ४० गेले, आठ तासांच्या हिशेबाने झोपेचे ५६ गेले, उरले ७२. तिला दारापासून दारापर्यंत रोज चार तास लागतात, सहा दिवसांचे २४. उरले ४८, म्हणजे दिवसाला सात तासही नाहीत. त्यात अंघोळ, जेवण, धुणं आणि धाकट्या भावाचं गणित. आणि आम्ही तिला केशरी रंगात व्यायाम सुचवणार होतो!

दुसरा एक पोरगा बार्शीकडचा, कमवा आणि शिका योजनेत काम करणारा. लेका, १९१९ साली कर्मवीरांनी आपल्या कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, त्यावर आपण शाळेत दर वर्षी घसा फोडून भाषणं केली. तुला तर त्यात कंपासपेटी मिळाली होती. पण शिकता शिकता कमावणं म्हणजे काय, ते मला या पोराच्या कागदावर दिसलं. बागेला पाणी, ऑफिसात फायली लावणं, असे रोज तीन तास. रात्री साडेनऊचा एक चौकोन मात्र त्याने पांढरा सोडला होता. आमच्यातला एकजण उत्साहाने म्हणाला, “हा रिकामा आहे बघ, इथे अभ्यास टाकता येईल.” तो म्हणाला, “रिकामा नाही. त्या वेळी आईचा फोन येतो. त्याला रंग कुठला द्यायचा ते कळलं नाही.”

त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. तराजू त्याच दिवशी गेला.

आता ॲप उलटं चालतं. आधी विचारतं, तुझं हलवता न येणारं काय आहे? झोप, मेस, लोकल, ड्यूटी, आईचा फोन. त्यांना कुलूप. जे उरेल त्याला रंग नाही, जात आहे. ‘हात मोकळे’ म्हणजे वही उघडता येते, ‘कान मोकळे’ म्हणजे फक्त ऐकता येतं, आणि ‘डोकं बंद’. डोकं बंद असलेल्या चौकोनात ॲप काहीही सुचवत नाही. मला विचारशील तर अख्ख्या प्रोजेक्टमधली तेवढीच गोष्ट खरी आमची आहे. बाकी सगळं कुठे ना कुठे पाहिलेलं.

एक गोष्ट मात्र उचललेली असली तरी कामाची. १९९४ साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, किती दिवसांत संपवाल? सरासरी अंदाज ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही भाबडाच. मी हे स्वतःवर करून पाहिलं. डेटाबेसच्या जर्नलला दोन तास लागतील असं टाकलं आणि पाच लागले, त्यातला पाऊण तास तर इंडेक्सच्या पानावर रेघा मारण्यात गेला. आता मी ‘दोन तास’ टाइप केलं की ॲप माझा जुना हिशेब काढून शेजारी बारीक अक्षरात लिहितं, ‘तुझ्या घड्याळात पाच’. राग येतो, पण खोटं बोलत नाही.

फोनांनी छळलं ते वेगळंच. बॅटरी वाचवायची म्हणून अँड्रॉइड २०१५ पासून पडून असलेल्या फोनमधली कामं झोपवून ठेवतं, आणि काही स्वस्त फोन त्याच्याही वर कडक. माझ्या रूम पार्टनरच्या फोनवर ‘मेस बंद व्हायला अर्धा तास’ ही आठवण मेस बंद झाल्यावर चाळीस मिनिटांनी वाजली. तो वडापाव खात खात मला ते दाखवायला आला.

खरं भांडण झालं ते साखळीवरून. सलग इतके दिवस अभ्यास केला की ज्योत पेटते, दिवस चुकला की विझते, असलं आम्ही घातलं होतं. पोरं त्याला चिकटतात, खोटं कशाला सांगू, मीही चिकटलो होतो. बार्शीचा पोरगा चाचणीसाठी ॲप वापरत होता. सोयाबीन काढायला चार दिवस घरी गेला, परत आला तर स्क्रीनवर रडका चेहरा आणि ‘तुमची १९ दिवसांची साखळी तुटली!’ त्याने माझ्यासमोर ॲप काढून टाकलं. म्हणाला, “चार दिवस मी काय झोपा काढत होतो का?” मी ज्योत काढायची म्हटलं, तर ग्रुपमधला एकजण अडून बसला की मग लोक ॲप रोज उघडतील कशाला. दोन दिवस अबोला. शेवटी मी म्हटलं, नाही उघडलं रोज तर नाही उघडलं. ज्योत काढली. त्याने अजून मनापासून माफ केलेलं नाही. परीक्षकांनी ‘युजर टिकतील कसे’ विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवणार आहे.

ॲपचं नाव ‘सवड’ ठेवलंय. आपल्याकडे ‘सवडीने करू’ म्हटलं की ते काम झालंच नाही समजायचं, म्हणून सरांना ते अपशकुनी वाटतं. मला आवडतं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. सोबत कोऱ्या चौकोनांचा कागद घातलाय. गावातला एक दिवस रंगव, झाला तसा. तुमच्याकडे आता भातकापणी सुरू असेल. ज्यांच्याकडे राहतोस त्यांच्याबरोबर तूही शेतात उतरतोस असं लिहिलं होतंस. ते ‘अभ्यास’मध्ये टाकशील की ‘काम’मध्ये, मला खरंच कळत नाहीये, आणि विळा हातात असताना कान मोकळे असतात की नाही तेही लिही. रेंज नसताना ॲप चालतं का हे इथे पुण्यात मला तपासता येत नाही, तेव्हा दिवाळीला कराडला आलास की तुझ्या त्या फुटक्या काचेच्या फोनवर टाकून देतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बंड्या

ता. क. येताना कोकमाचं आगळ आण. मागच्या वेळी ‘सवडीने आणतो’ म्हणाला होतास.