‘तीव्र’ आम्ल आणि ‘संहत’ आम्ल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रसायनांचा टँकर उलटला किंवा कारखान्यात आम्लाची गळती झाली की आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत ‘तीव्र आम्ल’ आणि ‘सौम्य आम्ल’ हे शब्द हमखास येतात, आणि वाचक त्यांचा अर्थ ‘घातक’ आणि ‘फारसे न बाधणारे’ असा घेतात. रसायनशास्त्रात हे शब्द वेगळ्याच गोष्टीसाठी राखून ठेवलेले आहेत. हा फरक निव्वळ पंडिती काटेकोरपणाचा असता तर हे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते.

आम्ल पाण्यात मिसळले की त्याच्या रेणूंमधून हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात. जवळजवळ सगळे रेणू असे विलग झाले तर ते आम्ल तीव्र आणि थोडेच झाले तर सौम्य. स्वीडनचे स्वांते आऱ्हेनियस यांनी १८८० च्या दशकात मांडलेल्या विचाराचे हे फलित आहे. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि सल्फ्युरिक ही तीव्र आम्ले. व्हिनेगरमधले ॲसिटिक आणि लिंबातले सायट्रिक ही सौम्य. द्रावणात आम्ल किती आणि पाणी किती हा प्रश्न निराळा असून त्यासाठी ‘संहत’ आणि ‘विरल’ हे शब्द आपल्या शालेय पुस्तकांतही आहेत. पाणी घातल्याने तीव्र आम्ल सौम्य होत नाही, ते विरल होते. आपल्या जठरात असते ते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे तीव्रच, पण विरल. उलट जवळजवळ निर्जल ॲसिटिक आम्ल, जे सुमारे १७ अंश सेल्सिअसच्या खाली बर्फासारखे गोठते, ते सौम्य असूनही संहत असल्यामुळे कातडी भाजून काढते.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येते. सारख्याच संहतीचे हायड्रोक्लोरिक आणि ॲसिटिक आम्ल सारख्याच प्रमाणात दोन परीक्षानळ्यांत घेऊन प्रत्येकीत मॅग्नेशियमच्या फितीचा सारखा तुकडा टाकला, तर पहिल्या नळीत लगेच फसफसून बुडबुडे उठतात आणि दुसरीत ते रेंगाळत वर येतात. मात्र फीत पूर्ण विरघळेपर्यंत थांबले, तर दोन्हीकडे जमा झालेला हायड्रोजन सारखाच भरतो. ब्यूरेटमधून, म्हणजे द्रव मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडून आम्लाचे उदासिनीकरण केले, म्हणजे त्याचा आम्लपणा नाहीसा केला, तरी दोन्ही आम्लांना ते तेवढेच लागते. वेग वेगळा, एकूण हिशेब एकच. पण एवढा वेळ थांबायला तासिका पुरत नाही आणि मुले ‘सौम्य म्हणजे कमी आम्ल’ असे मनाशी धरून वर्गाबाहेर पडतात. त्यांतलीच काही पुढे बातम्या लिहितात.

या गोंधळाचा खरा धोका हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बाबतीत आहे. काचेवर नक्षी कोरण्यासाठी आणि धातूवरचा गंज काढण्यासाठी ते वापरतात. व्याख्येनुसार ते सौम्य आम्ल आहे. पण त्याचे विरल द्रावण अंगावर सांडले तर कित्येक तास वेदनाही जाणवत नाही, आणि तोवर त्यातला फ्लोराइड कातडीतून आत शिरून रक्तातले कॅल्शियम बांधून टाकतो. प्रमाण जास्त असल्यास हृदयाची लयही बिघडते. म्हणूनच भरपूर पाण्याने धुतल्यानंतर जखमेवर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावावे लागते आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे लागते. ‘सौम्य आम्लाची गळती, घाबरण्याचे कारण नाही’ असे या आम्लाबद्दल कोणी छापले तर शब्द शास्त्रशुद्ध आणि सल्ला जीवघेणा ठरेल.

धोका सांगायचाच असेल तर ‘दाहक’ किंवा ‘क्षरणकारी’ हे शब्द आहेत, आणि त्याहून उपयोगी पडते ती टक्केवारी. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल साखरेतले पाणी ओढून घेऊन तिचा कोळसा करते. गाडीच्या बॅटरीतल्या द्रावणात तेच आम्ल वजनाने साधारण एक-तृतीयांश असते. त्यानेही इजा होते, पण त्याचा तसा कोळसा करण्याचा गुण राहत नाही. नाव एकच असूनही या दोन द्रवांच्या बातम्या एकसारख्या लिहिता येणार नाहीत.

वार्ताहरांना ही माहिती मिळवायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक रसायन वाहून नेणाऱ्या टँकरवर आणीबाणीची माहिती देणारा फलक असावा लागतो आणि त्यावर रसायनाचे नाव व संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक असतो. १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. १७९० म्हणजे हायड्रोफ्लोरिक, आणि त्याच्या वर्गीकरणात दाहकतेबरोबर विषारीपणाचीही नोंद आहे. १८३० म्हणजे ५१ टक्क्यांहून अधिक संहतीचे सल्फ्युरिक आम्ल. सुरक्षित अंतरावरून टिपलेले एवढे चार आकडे बातमीत आले, तर जखमींवर उपचार करणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होईल. संहती कळली नसेल तेव्हा आम्लाचे नुसते नाव द्यावे आणि त्यामागे ‘तीव्र’ किंवा ‘सौम्य’ हे विशेषण अंदाजाने लावू नये, एवढी आपल्या वृत्तसंपादकांना विनंती आहे.

कळावे,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक