काकूंचा बॉक्स लागला, आता दुसरा पाठवू नकोस

वाई
शनिवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तुला एवढंच सांगितलं की काकूंच्या टीव्हीला जोडलेला, नेटवरचे व्हिडिओ दाखवणारा तो बॉक्स वायफायला लागला, कारण तुझी ऑफिसला निघायची वेळ झालेली आणि काकू शेजारी उभ्या राहून हातानं खुणा करत होत्या की ठेव आता, उशीर होतोय त्याला. पण नेमकं काय झालेलं ते तुला नीट कळायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी परत कोणीतरी म्हणेल बॉक्स गेलाय आणि तू तिथून दुसरा घेऊन पाठवशील. म्हणून आज दुकान बंद करून, जेवून, निवांत लिहायला बसलोय.

पहिलं म्हणजे बॉक्स चांगला आहे, एकदम ठणठणीत. दिवाळीत तू न्यू जर्सीहून आणलास, तू इथे होतास तोवर मस्त चालला, तू गेलास आणि पंधरा दिवसांत बंद पडला असं आपण सगळेच धरून बसलो होतो. ब्रॉडबँडवाल्यांचा मुलगा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्यानं स्वतःच्या मोबाईलवर स्पीड काढून दाखवला, ४० एमबीपीएस, म्हणाला आमचं नेट ओके आहे, तुमचा बॉक्स बाहेरचा आहे तो गेलाय, इथला घ्या. आणि निघाला. मला याचा खरंच राग आला रे, कारण काकू त्याला काहीतरी सांगत होत्या आणि ते त्यानं उभ्या उभ्यासुद्धा ऐकून घेतलं नाही. ते ऐकलं असतं तर त्या माउलीचे चार महिने वाया गेले नसते.

काकू मला म्हणाल्या, "अरे, लाइट जाऊन आली ना की कधीकधी लागतो तो. दर वेळी नाही लागत. पण लागला तर लाइट जाऊन आल्यावरच लागतो." मी म्हटलं काकू, तुम्हाला नक्की आठवतंय? तर त्या उठल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. त्यात दुधाचा हिशोब असतो ना त्यांचा, रोज किती लिटर, त्याच चौकटीत कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली. ज्या दिवशी बॉक्स लागला त्या दिवशी फुली, आणि लाइट गेली त्या दिवशी "ला" असं अक्षर. जानेवारीत तीन फुल्या, फेब्रुवारीत दोन, आणि प्रत्येक फुलीच्या शेजारी "ला". मी बराच वेळ ते पान बघत बसलो. आपल्याला शाळेत प्रयोगवही लिहायला लावायचे तेव्हा आपण कोणी इतकी व्यवस्थित लिहिली नव्हती.

मग मी बॉक्सवर सेटिंग उघडून वायफायची यादी बघितली. समोरच्यांचं नेट दिसतंय, मागच्या गल्लीतल्यांचं दिसतंय, आपलं नाहीच. कमी दिसतंय असं नाही, नावच नाही. आणि काकूंचा मोबाईल त्याच टीव्हीच्या डोक्यावर धरला तर त्यात आपलं नाव येतंय. म्हणजे पासवर्डचा प्रश्नच नव्हता, पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी येतच नव्हती. तू मला फोनवर तीनदा सांगितलंस पासवर्ड परत टाक, पण टाकणार कुठे?

तेव्हा मोबाईलवर ते वायफाय बघायचं ॲप टाकलं, कुठलं नेट कुठल्या चॅनेलवर आहे ते दाखवतं. चॅनेल म्हणजे टीव्हीचे नव्हेत, वायफायच्या सिग्नलच्या ठरलेल्या वाटा. आता हे लक्ष देऊन वाच. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरतात. तुमच्या अमेरिकेत १ ते ११ च. त्यामुळे तिकडच्या बाजारासाठी बनवलेल्या पुष्कळ वस्तू १२ आणि १३ कडे बघतच नाहीत, त्यांच्या लेखी ते चॅनेलच नाहीत. आणि आपला राउटर होता ऑटोवर. तो चालू होताना आजूबाजूला कान लावतो, कुठे गर्दी कमी ते बघतो आणि तिथे जाऊन बसतो. आपल्या आळीत सगळे १, ६ आणि ११ वर दाटीनं बसलेत, १३ मोकळा, म्हणून हा बहुतेक वेळा १३ वर. लाइट जाऊन आली की राउटर नव्यानं चालू होणार, नव्यानं चॅनेल निवडणार, आणि कधीतरी नशिबानं ६ किंवा ११ वर गेला की बॉक्सला दिसणार. इथले मोबाईल १३ पण बघतात म्हणून मोबाईलवाल्याला सगळं ओके. काकूंच्या फुल्या अशा जमल्या बघ एका रेषेत.

उपाय दोन मिनिटांचा होता. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता टाकला, राउटरच्या पोटाला स्टिकर असतो त्यावरचं नाव-पासवर्ड घातलं, वायरलेसमध्ये चॅनेल ऑटो होतं ते काढून ६ केलं, सेव्ह. ६ वर गर्दी आहे पण ती लांबच्या घरांची, सिग्नल बारीक येतात त्यांचे, आपल्याला त्रास नाही. राउटर परत चालू झाला आणि बॉक्सच्या यादीत सगळ्यात वर आपलं नाव. काकूंनी हात जोडले, मला नाही, टीव्हीला.

पासवर्ड मी टाकला नाही. काकूंनाच टाकायला लावला, कारण मी काही रोज येणार नाही आणि तू तर सातासमुद्रापार. चष्मा लावून बसल्या, रिमोट दोन्ही हातात धरून, एकेक अक्षरावर बाणानं जायचं, मधलं बटण दाबायचं. मोठं अक्षर आलं की ती वर जाणारी खूण दाबायची हे त्यांना आधी सांगितलं, कारण मोठं-छोटं चुकलं की घेत नाही. तू ठेवलेल्या पासवर्डमध्ये एक शून्य आहे आणि एक इंग्रजी ओ आहे, दोन्ही या कीबोर्डवर सारखेच दिसतात, तिथे एकदा चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर. मग मी तो वहीच्या पाठकोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला, शून्याच्या पोटात आडवी रेघ मारली, आणि काकूंनी ते पान देवघराच्या फळीखाली चिकटवलं. कोणी म्हणेल पासवर्ड असा भिंतीवर लावू नये. त्यांच्या देवघरात परका माणूस जात नाही, राहू दे.

आता दुसरी भानगड. लागला तर खरा, पण पाच मिनिटं चालला की गोल गोल फिरायला लागायचं. घर तुझंच आहे, तुला डोळ्यांपुढे येईल. फायबरची वायर ओटीवर येते, टीव्ही माजघरात, मधे ती दगड-मातीची भिंत, हात-सव्वा हात जाडीची. आणि राउटर कुठे ठेवलेला माहितीये? त्या भिंतीतल्याच कोनाड्यात, जिथे पूर्वी कंदील असायचा. दिसायला फार छान बसला होता, पण तीन बाजूंनी दगड, वर दगड, खाली दगड. त्याचा आवाज बाहेर येणार तरी कुठून? भर म्हणून त्या भिंतीला माजघराच्या अंगानं काकांचं लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झवाला सिग्नल तर माजघरात पोचतच नव्हता, तो स्पीडला चांगला पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ पोचत होता, पण मोबाईलवर उणे ७८ डीबीएम दाखवत होता. हा आकडा जितका शून्याच्या जवळ तितकं बरं, राउटरपाशी उभं राहिलं तर उणे ४० च्या आसपास येतो, उणे ७८ वर व्हिडिओ कसाबसा.

कपाट हलवायचा विषय मी काढला नाही. काकांचे कपडे अजून त्यात तसेच आहेत, तुला माहितीये.

म्हणून राउटर हलवला. फायबरची वायर थोडी गुंडाळी करून ठेवलेली होती, तीन-चार फूट सुटली. ती कोपऱ्यात काटकोनात दाबायची नाही, आत काच असते, मोठा वळसा देऊन न्यायची. ओटी आणि माजघराच्या मधल्या दारावर, चौकटीच्या वर एक लाकडी फळी ठोकली आणि राउटर तिथे उंच बसवला. दार दिवसभर उघडंच असतं, लाकूड काही फार अडवत नाही. टीव्हीपाशी आकडा उणे ६० वर आला. त्यावर ४० मिनिटांचं कीर्तन एकदाही न थांबता बघितलं, मी आणि काकू दोघांनी. एचडीला पाच-सहा एमबीपीएस पुष्कळ होतात, त्यामुळे मोठा प्लॅन घ्यायची अजिबात गरज नाही, तू पैसे वाढवू नकोस.

बारकी कामं पण उरकली. बॉक्सवर अजून तुझ्याकडचीच वेळ होती, ती कोलकाता केली, यादीत आपली वेळ त्याच नावानं असते, आता सकाळी सकाळी आदल्या रात्रीचे साडेनऊ दिसत नाहीत. ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय म्हणजे इथे चालतो, पण चपट्या पिनांचा तो कन्व्हर्टर ढिला झालेला, नुसता हात लागला तरी लाइट जायची, दुकानातला घट्ट आणून लावला. आणि राउटरला १२ व्होल्टचा तो छोटा बॅटरीचा डबा जोडलाय, लाइट गेली तरी दोन-तीन तास काकूंच्या मोबाईलवर नेट चालू राहील. त्याचे पैसे विचारू नकोस.

आता एक गोष्ट, मनाला लावून घेऊ नकोस पण बोलल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारीत तू तिथून ॲपवरून वायफायचा पासवर्ड बदललास. तू चांगल्यासाठीच केलंस, जुना पासवर्ड खरंच फार सोपा होता. पण तू बदललास तेव्हा इथे पहाट होती, काकू उठल्या तर मोबाईल लागेना, तुझा गुड मॉर्निंग येईना, आणि त्यांना वाटलं तुला तिकडे काहीतरी झालंय. सकाळी सात वाजता घाबऱ्याघुबऱ्या माझ्या दारात आल्या होत्या, पायात चप्पल नव्हती. त्यांनी तुला हे सांगितलं नसणार, मला माहितीये. म्हणून यापुढे काही बदलायचं असेल तर आधी मला फोन कर, मी त्यांच्याशेजारी जाऊन बसतो, मग तू बदल. आणि चॅनेल ६ आहे ते ६ च राहू दे. ॲप तुला कधी विचारेल नेटवर्क ऑप्टिमाइझ करू का, तिथे नाही म्हण, ते परत ऑटोवर नेईल आणि परत १३.

लेकीच्या मराठी शाळेतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तू पाठवला होतास, तो आम्ही काल मोठ्या टीव्हीवर लावला. मोबाईलवर काकूंनी तो कितीतरी वेळा पाहिला असेल, पण मोठ्यावर पाहिल्यावर एकदम म्हणाल्या, थांब थांब, मागे घे. मागे घेतला. तर पोरीच्या गळ्यात काकूंची जुनी मोहनमाळ होती, ती मोबाईलवर त्यांना कधी दिसलीच नव्हती. तिथेच थांबवून ठेवायला सांगितलं. मी घरी निघालो तेव्हाही टीव्हीवर तेच चित्र होतं.

पुढचा कार्यक्रम कधी असेल तो व्हिडिओ काढताना मोबाईल आडवा धरायला सांग, उभा काढला की टीव्हीवर दोन्ही बाजू काळ्या येतात. आणि रविवारी रात्री तुझे साडेनऊ म्हणजे इथे सोमवारचे सकाळी सात, त्या वेळेला फोन कर, काकूंचा चहा झालेला असतो. या वेळी त्या स्वतः लावून दाखवणार आहेत तुला.

तुझा,
आळीतला